उंची कमी आहे म्हणून अ‍ॅडव्हेंचर बाइक घेता येत नाही? आधी सीटच्या आकड्यामागचं गणित समजून घ्या!

शोरूममध्ये अ‍ॅडव्हेंचर बाइक उभी असते. गाडी आवडलेली असते, पैशांची जुळवाजुळवही झालेली असते. सेल्समन म्हणतो, "सर, एकदा बसून तर बघा." पाय पलीकडे टाकून बसल्यावर लक्षात येतं, की जमिनीला फक्त बोटं लागताहेत. सोबत आलेला मित्र हसून म्हणतो, "तुझ्या उंचीला नाही झेपायची ही, दुसरी बघ." आणि लडाखचं स्वप्न तिथेच, शोरूमच्या फरशीवर संपतं.

हा अनुभव अनेकांचा आहे. भारतात पुरुषांची सरासरी उंची साधारण १६५ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंचांच्या आसपास आहे. स्त्रियांची सरासरी १५२ सेंटीमीटरच्या, म्हणजे पाच फुटांच्या जवळपास. थोडक्यात, "आपली उंची कमी पडते" असं वाटणारे लोक अपवाद नाहीत, तेच बहुसंख्य आहेत.

मग सव्वापाच फुटांच्या माणसाने अ‍ॅडव्हेंचर बाइक घ्यायचीच नाही का? तर तसं नाही. पण फक्त ब्रोशरवरचा सीटच्या उंचीचा आकडा बघून गाडी घेणं जितकं चुकीचं, तितकंच तो आकडा बघून गाडी सोडून देणंही चुकीचं आहे. गाडी झेपणार की नाही, हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

या गाड्या मुळात उंच का असतात?

आपल्याला सवय असते ती रोजच्या गाड्यांची. अ‍ॅक्टिव्हाची सीट जमिनीपासून साधारण ७६५ मिमीवर असते, स्प्लेंडरची ७८५ मिमीवर. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची ८०५ मिमी. त्या तुलनेत अ‍ॅडव्हेंचर बाइकच्या सीट ८०० ते ८५० मिमीच्या घरात असतात. पूर्ण ऑफरोड वापरासाठी बनवलेल्या काही गाड्या तर त्याच्याही वर जातात. हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही प्रो ही ८९१ मिमी सीटची होती.

कंपन्या हे मुद्दाम करतात. दगडधोंड्यांच्या वाटेवर इंजिनचा तळ आपटू नये म्हणून गाडी जमिनीपासून उंच ठेवावी लागते. त्याला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. शिवाय खड्ड्यात चाक वर-खाली व्हायला जास्त जागा लागते, म्हणजे सस्पेन्शनचा ट्रॅव्हल जास्त हवा. पुढचं चाकही १९ किंवा २१ इंचांचं, म्हणजे मोठं असतं. या तिन्ही गोष्टींची बेरीज झाली की सीट आपोआप वर जाते.

म्हणून एक गोष्ट आधीच लक्षात ठेवलेली बरी: सीट खूप खाली असलेली अ‍ॅडव्हेंचर बाइक मिळाली, तर त्या बदल्यात कुठेतरी काहीतरी सोडलेलं असतं. ते काय सोडलंय आणि आपल्याला त्याची गरज आहे का, हा खरा प्रश्न आहे.

पहिलं काम: उंची नाही, पाय मोजा

पाच फूट चार इंचांच्या दोन माणसांना एकाच गाडीवर बसवलं, तर एकाचे दोन्ही चवडे आरामात टेकतात आणि दुसऱ्याची फक्त बोटं. कारण कुणाचं धड लांब असतं, कुणाचे पाय. गाडीसाठी महत्त्वाची आहे ती जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी. तिला इनसीम म्हणतात.

ती घरी मोजता येते. अनवाणी, भिंतीला पाठ लावून सरळ उभं राहायचं. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, कणा वरच्या बाजूला ठेवून, सायकलच्या सीटवर बसल्यासारखं वाटेल इतकं वर दाबायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि जमिनीपासून त्या खुणेपर्यंत टेपने मोजायचं.

समजा हे माप ७६० मिमी आलं. चांगल्या रायडिंग बुटाचा तळवा अडीच-तीन सेंटीमीटरचा असतो. म्हणजे बूट घालून तुमची पोच सुमारे ७९० मिमी झाली. आता ८२५ मिमीची सीट पूर्वीइतकी भयंकर वाटत नाही. घरच्या चपलेत शोरूमला जाऊन "पाय पोहोचत नाहीत" असं ठरवून परत येणारे अनेक जण इथेच फसतात.

ब्रोशरवरचा आकडा काय सांगत नाही?

सीटची उंची हा एकच आकडा असतो, पण त्याच्या मागे तीन गोष्टी लपलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे सीटची रुंदी. सीट रुंद असेल, तर पाय सरळ खाली न जाता आधी बाजूला जातात आणि मग खाली. तेवढी लांबी वाया जाते. त्यामुळे ८०० मिमीची रुंद सीट आणि ८२५ मिमीची, टाकीजवळ निमुळती होत जाणारी सीट यांत पाय साधारण सारखेच टेकू शकतात. म्हणूनच गाडी थांबवताना थोडं पुढे, टाकीच्या जवळ सरकायची सवय उपयोगी पडते. तिथे सीट सर्वांत अरुंद असते.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी किती दबते. माणूस बसला की शॉकअप दबतात आणि सीट काही सेंटीमीटर खाली येते. ट्रॅव्हल जास्त आणि स्प्रिंग मऊ असेल, तर गाडी जास्त दबते. पण इथे एक मेख आहे. ५५ किलोच्या माणसाखाली गाडी जितकी दबते, त्यापेक्षा ८५ किलोच्या माणसाखाली जास्त दबते. उंची कमी असलेल्यांचं वजनही बऱ्याचदा कमी असतं, त्यामुळे त्यांना हा फायदा कमी मिळतो. यूट्यूबवर एखादा रायडर "मी पाच फूट पाच, माझे पाय टेकतात" असं सांगत असेल, तर त्याचं वजनही विचारात घ्यायला हवं.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वजन. पाय पूर्ण टेकत नसताना गाडी एका बाजूला कलायला लागली, तर ती सावरायची ताकद लागते. १५० किलोची गाडी चवड्यांवर सावरता येते, २०० किलोची गाडी त्याच कोनात हातातून निसटते. त्यात टाकी भरलेली असेल तर भर पडते. १७ लिटर पेट्रोलचं वजन साडेबारा किलोच्या आसपास होतं आणि ते असतं गाडीच्या वरच्या भागात. बॅगा लावल्या की आणखी वाढ. म्हणजे कमी उंचीच्या रायडरसाठी २० मिमी उंच पण ३० किलोने हलकी गाडी कित्येकदा जास्त सोपी ठरते.

दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात का?

नाही. गाडी चालत असताना पाय जमिनीवर नसतातच. प्रश्न येतो तो थांबताना, निघताना आणि पार्किंगमध्ये. त्यासाठी दोन्ही पायांचे चवडे टेकले तरी पुरे. तेही जमत नसेल, तर एक पाय नीट टेकवायची पद्धत शिकता येते.

ती अशी: थांबायच्या आधी कंबर सीटवर डावीकडे सरकवायची. उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवायचा. गाडी थांबता थांबता डावा पाय खाली टाकायचा. असं केलं की डावा पाय पूर्ण टेकतो आणि ब्रेक हातात-पायात राहतो. घाटात चढावर थांबायचं असेल तर ही पद्धत फारच कामाची आहे, कारण गाडी मागे घसरू नये म्हणून उजवा पाय ब्रेकवरच हवा असतो.

पण आपल्या रस्त्यांवर यातही एक गंमत आहे. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध थोडा उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणजे कडेला थांबलं की डाव्या पायाखालची जमीन उजव्या पायापेक्षा खाली असते. उंच माणसाला हे कधी कळतही नाही. कमी उंचीच्या रायडरचा पाय मात्र अंदाजापेक्षा दोन बोटं खाली जातो आणि गाडी कलते. बऱ्याच गाड्या अशाच, शून्य वेगाला पडतात. लिव्हर तुटते, आरसा जातो, कधी घोटा गाडीखाली सापडतो.

उपाय साधा आहे. डांबराच्या अगदी काठावर, मातीला लागून थांबायचं नाही. सिग्नलला लेनच्या मध्यभागी थांबायचं. गतिरोधकाच्या माथ्यावर चाक ठेवून थांबायचं नाही, एकतर आधी किंवा पूर्ण ओलांडून. थांबण्याआधी पाय कुठे पडणार आहे तिकडे एक नजर टाकायची: खड्डा आहे का, खडी आहे का, शेवाळलेला दगड आहे का.

मग बाजारात पर्याय कोणते?

खालचे आकडे कंपन्यांनी जाहीर केलेले आहेत. मॉडेल दरवर्षी थोडंफार बदलतं, त्यामुळे खरेदीच्या वेळी चालू मॉडेलचा आकडा तपासून घ्यावा.

होंडा सीबी२००एक्स (आताचं नाव एनएक्स२००): सीट ८१० मिमी, वजन १५० किलोच्या आत. हाताळायला सर्वांत सोप्यांपैकी एक. पण ग्राउंड क्लिअरन्स फक्त १६७ मिमी. दिसायला अ‍ॅडव्हेंचर असली, तरी ही डांबरी आणि जरा खराब रस्त्यांची गाडी आहे. गडाच्या पायथ्याच्या गावापर्यंत जाईल, पुढच्या दगडी वाटेवर तळ आपटेल.

हीरो एक्सपल्स २०० ४व्ही: सीट ८२५ मिमी, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, वजन १६० किलोच्या आसपास. आकडा मोठा वाटतो, पण सीट अरुंद आणि गाडी हलकी. २०२५ मध्ये आलेली एक्सपल्स २१० ही ८३० मिमीची आणि थोडी जड आहे, पण इंजिन जास्त ताकदीचं आहे. खरोखर मातीत जायचं असेल, तर कमी उंचीच्या रायडरने या दोन्ही आधी बघाव्यात.

सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स: २४९ सीसी, सीट ८३५ मिमी, वजन १६७ किलो, ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिमी. हायवेच्या लांब प्रवासाला चांगली. सीट एक्सपल्सपेक्षा रुंद असल्याने प्रत्यक्ष बसून बघणं गरजेचं.

येझ्दी अ‍ॅडव्हेंचर: ३३४ सीसी, सीट ८१५ मिमी, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी. सीट खाली आहे, पण गाडी १८५ किलोच्या वर जाते. पाय टेकतील, ढकलताना मात्र घाम निघेल.

टीव्हीएस अपाचे आरटीएक्स ३००: ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. सीट ८३५ मिमी, वजन १८० किलो. कल रस्त्यावरच्या प्रवासाकडे जास्त.

रॉयल एनफिल्ड हिमालयन: २०१६ ची जुनी ४११ सीसी हिमालयन ८०० मिमी सीटची होती आणि म्हणूनच ती कमी उंचीच्या रायडर्समध्ये लोकप्रिय झाली. सेकंडहँड बाजारात ती आजही मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या हिमालयन ४५० ची सीट ८२५ आणि ८४५ मिमी अशा दोन उंचींवर बसवता येते. कंपनीचीच कमी उंचीची सीट घेतली तर ती ८०५ मिमीपर्यंत येते. मात्र वजन १९६ किलो आहे, हे विसरून चालणार नाही. याच घराण्यातली स्क्रॅम ७९५ मिमी सीटची आहे. पुढचं चाक लहान, ग्राउंड क्लिअरन्स २०० मिमी, म्हणजे शहर आणि कच्चा रस्ता यांच्या मधली गाडी.

केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर: पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनणाऱ्या या गाडीची २०२० मधली सीट ८५५ मिमी होती. उंचीची तक्रार इतकी झाली, की २०२३ मध्ये कंपनीने ८३० मिमीची आवृत्ती वेगळी आणली. २०२५ च्या नव्या पिढीत सीट ८२५ ते ८३० मिमीच्या आसपास आणली गेली. ताकद भरपूर आहे, पण ही पहिलीच गाडी म्हणून घ्यायची असेल तर दोनदा विचार करावा.

इथे पैशांचा एक मुद्दाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के जीएसटी आहे, तर त्याहून मोठ्या इंजिनवर ४० टक्के. म्हणजे हलक्या, लहान इंजिनच्या गाड्या कमी उंचीच्या रायडरला सोप्या तर आहेतच, शिवाय करातही स्वस्त पडतात. वाचलेल्या पैशांत चांगले बूट, हेल्मेट आणि क्रॅशगार्ड येतं.

गाडी खाली करून घ्यायची का?

गाडी आवडली, पण दोन-तीन सेंटीमीटर कमी पडताहेत. अशा वेळी लोक थेट मेकॅनिककडे जाऊन "गाडी लो करून दे" म्हणतात. पण त्याचाही एक क्रम आहे.

आधी बिनखर्चाचा उपाय: मागच्या शॉकअपचा प्रीलोड. तो कडक ठेवलेला असेल तर हलक्या रायडरखाली गाडी दबतच नाही. एकट्याने चालवताना तो मऊ करावा. मागे माणूस किंवा सामान असेल तेव्हा पुन्हा कडक करायचा, नाहीतर खड्ड्यात शॉकअप शेवटपर्यंत जाऊन आपटतो.

दुसरा उपाय म्हणजे कंपनीची कमी उंचीची सीट, मिळत असेल तर. ती नसेल तर कुशनवाल्याकडून सीटचा फोम कमी करून घेता येतो. फक्त मधून खड्डा करण्यापेक्षा पुढच्या भागाच्या कडा तासून सीट अरुंद केली तर जास्त फायदा होतो. मूळ सीट जपून ठेवावी आणि कामासाठी दुसरी सीट घ्यावी. फोम फार कमी केला तर शंभर किलोमीटरनंतर बसवत नाही, हेही खरं. या उपायात ग्राउंड क्लिअरन्सला धक्का लागत नाही, ही मोठी जमेची बाजू.

शेवटचा उपाय म्हणजे सस्पेन्शनची लिंक बदलून गाडीच खाली आणणं. ज्या गाड्यांमध्ये मागचा शॉकअप लिंकेजने जोडलेला असतो, त्यांनाच हे लागू पडतं. पण गाडी २५ मिमी खाली आली, की ग्राउंड क्लिअरन्सही जवळपास तेवढाच जातो. फक्त मागची बाजू खाली केली तर गाडीचा पुढचा भाग वर येतो, वळवायला आळशी होते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून पुढचे फोर्कही क्लॅम्पमध्ये त्या प्रमाणात वर सरकवावे लागतात. आणि हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे साइड स्टँड. तो जुन्याच लांबीचा राहिला, तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने किंवा हलक्या धक्क्याने दुसऱ्या बाजूला पडते. असे बदल करण्याआधी वॉरंटी आणि विम्याचं काय होईल, हे लेखी विचारून घेणं शहाणपणाचं.

टेस्ट राइडला काय बघायचं?

शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या सोप्या वाटतात. म्हणून रायडिंगचे बूट घालून जावं आणि पाच गोष्टी करून बघाव्यात.

१. गाडी बंद ठेवून, सीटवर बसून पायांनी मागे ढकलून बघा. पार्किंगमधून निघताना रोज हेच करावं लागणार आहे.

२. खाली उतरून, हँडल धरून गाडी वळवून बघा.

३. साइड स्टँडवर कललेली गाडी बसल्या जागेवरून सरळ करता येते का, ते पाहा.

४. अगदी कमी वेगात यू-टर्न घ्या.

५. चढावर थांबून पुन्हा निघून दाखवा.

या पाचांपैकी पहिल्या तीन गोष्टी धापा न टाकता जमल्या, तर उंचीचा प्रश्न सरावाने सुटणारा आहे. त्या जमल्याच नाहीत, तर गाडी कितीही आवडली तरी त्याहून हलकी गाडी शोधलेली बरी.

आणि पडलीच तर?

अ‍ॅडव्हेंचर बाइक कधीतरी पडतेच, उंच माणसाचीही पडते. गाडी हातातून जातेय असं वाटलं तर पाय आडवा घालून ती थांबवायच्या फंदात पडू नये. सोडून द्यावी आणि बाजूला व्हावं. लिव्हर बदलता येते, घोटा बदलता येत नाही.

उचलतानाही युक्ती लागते. इंजिन बंद करायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे सरळ झालेली गाडी पलीकडे जाणार नाही. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची फ्रेम किंवा ग्रॅबरेल धरायची आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर, छोटी छोटी पावलं मागे टाकत गाडी उभी करायची. कंबरेतून वाकून ओढलं तर गाडी उठत नाही, पाठ मात्र धरते.

हे शिकायला ताम्हिणीचा घाट किंवा लडाखची वाट नको. घराजवळचं एखादं मोकळं मैदान, एक मित्र आणि रविवारची सकाळ पुरते. थांबणं, निघणं, डावीकडे सरकून पाय टाकणं हे पन्नास वेळा केलं, की एकाच पायावर गाडी सावरायची सवय होते. मग शोरूममध्ये जमिनीला लागलेल्या त्या बोटांची भीतीही उरत नाही.